दोन रेघांचा कोहळा

१४ एप्रिल

शाळेच्या हजेरीपटांचं काम संपलं आणि चांगले जाड कागद उरले. टाकवेनात, म्हणून त्यांची ही वही शिवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या बांधल्या, स्वतः कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आता सहासष्टाव्या वर्षी शुभारंभ.

ही वही माझी आहे हे नाव न घालताही कळेल. तीस वर्षांपूर्वी कटिंग मशीनचं पातं उजव्या अंगठ्यावर उतरलं होतं. अंगठा वाचला, नख मात्र मधोमध चिरलं आणि तसंच वाढत राहिलं. कागदाची घडी मी नखाने दाबतो, त्यामुळे घडीच्या कडेला दोन बारीक रेघा उमटतात. जुनी गिऱ्हाइकं नुसती घडी बघून सांगतात, हे बाइंडरचं काम.

पहिल्याच पानावर तक्रार नको असं ठरवलं होतं, पण इलाज नाही. आज हिने परसात कोहळ्याच्या बिया लावल्या. एकटीने नाही, शेजारच्या घड्याळजीबरोबर. त्याचं परस आणि आमचं परस यांच्यामध्ये तारेची जाळी आहे, ती एका कोपऱ्यात वाकून वाकून तिथे वाटच झाली आहे. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा लांब नोकरीला. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान गेल्या वर्षी बंद करून घरी बसलाय. रिकाम्या माणसाला काहीतरी उद्योग लागतो. बिया त्याच्या, खड्डे खणायला आमची ही.

मी म्हटलं, "कोहळा कोण खातं? पाण्याला साल लावली की झाला कोहळा."

"तुम्ही कधी खाल्लाय?"

"न खाताच कळतं."

"तुम्हाला सगळं न खाताच कळतं," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

२३ एप्रिल

सकाळी खळ शिजवत होतो. परसातून हिचा आवाज आला, "भाऊ, वर आला बघा." मला वाटलं कोणी पाहुणा आला. बघतो तर मातीतून दोन पानं आलेली आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना दोन डोकी वाकलेली. मी तीन पावलांवर होतो. मला हाक मारली असती तर जीभ झिजली नसती. बघत राहिलो आणि इकडे खळ खाली लागली.

त्याला ती भाऊ म्हणते हे मला माहीत आहे. मला ती अडतीस वर्षं 'अहो' म्हणते. 'अहो' तर रस्त्यावरच्या कोणालाही म्हणता येतं.

११ मे

दोन्ही परसांवर मिळून एकच मांडव घातला. लोखंडी पाइप त्याचे, दोरा माझा. मेण लावलेला, पुस्तकाची पानं शिवायच्या जुजबंदीचा, चांगल्यातला. हिने परस्पर नेला. घड्याळजी वर बघून म्हणाला, "दादांचा दोरा आहे. एक वेळ मांडव पडेल, कोहळा पडायचा नाही." मला हसू आलं. हसलो आणि मग दिवसभर त्याचाच राग येत राहिला.

वेलीला हात लावला की खरखरीत लागते, लव टोचते. मी एकदाच लावला.

५ जून

घड्याळजी आता रोज सकाळी आमच्याकडे चहाला. ही माझा कप काठोकाठ भरते आणि त्याचा अर्धाच. आधी मला बरं वाटलं, की बायकोला आपलं कोण आणि परकं कोण हे अजून कळतं. मग लक्षात आलं, की अर्धा कप संपला की ती पुन्हा अर्धा ओतते. म्हणजे त्याच्यासाठी दोनदा उठायचं. आणि हा कप दोन्ही हातांनी धरतो, बक्षीस मिळाल्यासारखा. असली नाटकं मला जमत नाहीत.

मी विचारलं, "दुकान का हो बंद केलंत? हात तर सोन्याचा होता म्हणतात."

"आता घड्याळं कोण दुरुस्त करून घेतं, दादा," तो म्हणाला. ही माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी काही वावगं विचारलं.

जाताना हिला एक चिठ्ठी देऊन गेला, खत कधी घालायचं त्याची. मी पाहिली. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी मनातल्या मनात हसलो. माझं अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

१७ जून

आजचं कसं लिहू. पण लिहायचं म्हणूनच वही केली.

कोहळ्याला आधी नुसती नर फुलं येतात. मग मादी फूल येतं, त्याच्या मागे लोकरीचं इवलंसं फळ असतं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत मान टाकतं. तेवढ्या वेळात नर फुलातले कण त्यात पडले नाहीत तर फळ पिवळं पडून गळून जातं. आमच्याकडे मधमाश्या फारशा येत नाहीत, म्हणून हे काम हाताने करावं लागतं. एवढं ज्ञान मला कोणी दिलेलं नाही, खिडकीतून ऐकून मिळालंय.

घड्याळजीने त्यासाठी आपला घड्याळाचा ब्रश काढला. दोन-चार केसांचा, चाकांवरची धूळ झटकायचा. आज पहिलं मादी फूल उमललं, त्याच्या बाजूला. मी कागद मोजता मोजता खिडकीतून पाहिलं. तो ब्रश घेऊन वाकला होता आणि हिने त्याचं मनगट धरलं होतं. चुकून लागलेला हात नव्हे. चांगलं धरलं होतं, दोन्ही हातांनी, बराच वेळ. तो काहीतरी म्हणाला, ऐकू आलं नाही. मग ती हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं होतं ते आठवून पाहिलं. नाही आठवलं.

कागद पुन्हा पहिल्यापासून मोजले.

१८ जून

मुख्याध्यापिकाबाईंच्या रजिस्टरला पुठ्ठा उलटा चिकटवला. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाई म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, उकाडा.

हिचं माझं लग्न झालं तेव्हा तिचं मनगट एवढंसं होतं. तेव्हा मी ते धरलं होतं. नंतर काम वाढलं, हाताला सारखी खळ असायची. आता हात स्वच्छ असतात, पण एकदम जाऊन धरणार कसं? काय हो, काय झालं, असं म्हणेल.

२० जून

बोललो. मनगटाचं नाही बोललो, तेवढी हिंमत झाली नाही. म्हटलं, "सकाळचा सगळा वेळ तिकडे जातो. इथे माणूस चहा कसा घेतोय, काय खातोय, कोणाला पडलंय?"

"तुमचा चहा टेबलावर असतो."

"असतो. गार."

"मग गरम असताना प्यायला परसात या. चार पावलं आहेत."

मी म्हटलं, "तू तिकडे जाऊ नकोस. मला नाही आवडत." इतकं स्पष्ट मी लग्नानंतर प्रथमच बोललो असेन. भांडेल असं वाटलं होतं. तिने पदराला हात पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

२३ जून

तीन दिवस गेली नाही. घड्याळजीही चहाला फिरकला नाही. चहा गरम मिळतो. ती समोर बसते आणि वेलीकडे पाठ करते.

पलीकडे या तीन दिवसांत दोन मादी फुलं उमलली. घड्याळजी ब्रश घेऊन आला, फुलासमोर उभा राहिला, पुष्कळ वेळ उभा राहिला आणि परत गेला. आज ती दोन्ही फळं पिवळी होऊन गळून पडली. एवढा कारागीर म्हणवतो, तर स्वतः करायचं होतं. पण नाही, बाईमाणूस शेजारी उभं असल्याशिवाय याचं काम होत नाही.

मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही. चहाला चव नव्हती, पण पावडर बदलली असेल.

२४ जून

सकाळी तिने चप्पल घातली. म्हणाली, "मी जाते. तुम्ही सांगितलंत, मी तीन दिवस ऐकलं. आता तुम्हीही चला."

"मला कागद कापायचे आहेत."

"कागद कुठे उमलून कोमेजत नाहीत," असं म्हणून गेली.

२ जुलै

तीन फळं धरली. दोन आमच्या बाजूला, एक त्याच्या. त्याचं सगळ्यात देखणं. काल लिंबाएवढं होतं, आज मुठीएवढं. ही जेवताना म्हणाली, "भाऊंच्या हाताला गुण आहे हो. आणि धीर किती आहे त्या माणसाला."

अडतीस वर्षं मी हिच्यासमोर पुस्तकं बांधतोय. फाटून चिंध्या झालेली, उंदरांनी खाल्लेली, पाण्यात भिजलेली पुस्तकं मी उभी केली. माझ्या हाताला गुण आहे असं तिने आजवर म्हटलेलं नाही. मी तिच्या स्वयंपाकाला चांगलं म्हणत नाही हे खरं. पण मी सगळं खातो. पानात टाकत नाही. ते पुरत नाही का?

आज भात अर्धा टाकला. तिने विचारलंही नाही.

४ जुलै

घड्याळजी दवाखान्यात गेला होता, ही बाजारात. मी जाळीच्या वाटेने पलीकडे गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच गेलो असेन. त्याचं परस झाडून स्वच्छ होतं. एक खुर्ची मांडवाखाली आणि समोर दुसरी, रिकामी. कोणासाठी मांडली आहे ते सांगायला नको.

फळ पानांखाली लपलेलं होतं. हिरवंगार, अंगभर पांढरी लव. मी नुसतं बघायला गेलो होतो हे आधी लिहून ठेवतो. मग अंगठा टेकला, आणि टेकला तो ओढला. देठाजवळ, दोन बोटं लांब. साल इतकी कोवळी होती की काही कळलंच नाही. पाण्याचे थेंब वर आले.

घरी येऊन हात दोनदा धुतले. लव टोचून बोटं संध्याकाळपर्यंत चुरचुरत होती. सडलं तर सडू दे. एक फळ गेल्याने कोणी मरत नाही.

५ जुलै

चहाच्या वेळी ही म्हणाली, "भाऊंच्या फळावर कोणीतरी ओरखडलंय."

मी म्हटलं, "खार असेल. आजकाल खारी फार झाल्यात."

घड्याळजीने कप खाली ठेवला. "मी भिंगातून पाहिलं," तो म्हणाला. "खारच आहे. खारीला पुढे दोन दात असतात."

सुटलो. मी खारींबद्दल आणखी बरंच बोललो. हिने त्याचा कप पुन्हा अर्धा भरला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

२८ जुलै

फळ सडलं नाही. वाढतंय. आता ते वेलीला पेलत नाही म्हणून हिने त्याला झोळी बांधली. कशाची, तर माझ्या निळ्या कापडाची. ते मी एका मोठ्या शब्दकोशाच्या बांधणीसाठी जपून ठेवलेलं. मी म्हटलं, "हे कापड कोणाला विचारून घेतलंस?"

"तुम्हाला. तुम्ही पेपर वाचत होतात. 'हूं' म्हणालात."

आमच्या बाजूच्या दोन कोहळ्यांना जुन्या चादरीच्या झोळ्या, आणि त्याच्या एकाला माझं निळं कापड.

मुलीचा फोन आला होता. हिने तिला फोटो पाठवलेत. मला म्हणाली, "बाबा, ती खार परत आली होती का हो?" आणि किती वेळ हसत होती. सगळ्यांना त्या खारीचं भारी कौतुक.

१६ ऑगस्ट

आज अनर्थ कळला.

लव गळून गेली आणि कोहळ्यावर पांढरी भुकटी धरली आहे, कोणी पीठ चाळल्यासारखी. ती पुसायची नाही, तिच्यामुळेच फळ महिनोन् महिने टिकतं. सगळा कोहळा पांढरा झाला, पण ओरखड्यावर भुकटी धरतच नाही. झोळीतून तो माझ्या खिडकीकडेच तोंड करून लटकतो. मी मुद्दाम त्या बाजूला बघत नाही. आज उन्हं तिरपी पडली आणि बघितलं गेलं. एक ओरखडा नाही, दोन आहेत. शेजारी शेजारी, सरळ, माझ्या बोटाहून लांब. हातात पुस्तकाच्या पानांचा फर्मा होता, त्याची घडी मी नुकतीच नखाने दाबली होती. कागदावर दोन रेघा, कोहळ्यावर दोन रेघा.

मी खिडकी लावून घेतली. मग उकडलं म्हणून उघडली.

मला वाटलं होतं ओरखडा होता तेवढाच राहील. तो फळाबरोबर वाढतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घड्याळजीने भिंगातून पाहिलंय. पण त्याला माझ्या नखाचं काय माहीत? त्याने माझ्याकडून कधी काही बांधून घेतलेलं नाही. हिला माहीत आहे, पण हिची नजर आता बारीक राहिलेली नाही. परवाच तर म्हणाली, सुई ओवून द्या.

ओवून दिली होती. लगेच दिली होती.

३ सप्टेंबर

हिने आमच्या बाजूचा पहिला कोहळा कापला. दुपारभर घरात त्याचा वास, काकडीसारखा पण शांत. फोडी करून आलं-मिरी घालून पातळ रस्सा केला. फोडी शिजल्या की काचेसारख्या होतात, पलीकडचं दिसतं. थोड्या पाकात टाकून बरणीत भरल्या.

घड्याळजी जेवायला होता. त्याला रस्सा मगात दिला, मला वाटीत. त्याच्यासाठी खास मग. तो दोन्ही हातांनी तोंडाला लावून प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, मीठ नेमकं आहे." किती साधं वाक्य. तिचा चेहरा मात्र असा झाला, की मी ताटात बघत राहिलो.

मी दूधभात खाल्ला. म्हटलं, पोट ठीक नाही. वाटी तशीच ठेवली. नंतर हिने ती ओट्याशी उभं राहून स्वतः संपवली. मी दारातून पाहिलं. आत जावंसं वाटलं होतं.

१५ सप्टेंबर

घड्याळजी चालला. मुलगा येऊन घेऊन जाणार, येत्या रविवारी, कायमचा. घर भाड्याने देणार.

ही बातमी ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, एखादा मिनिट. मग ही उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही दोघंच समोरासमोर बसलो.

तो म्हणाला, "दादा, एक काम आहे. या वेलीची टिपणं ठेवली होती. सुटी पानं आहेत. बांधून द्याल? वहिनींना ठेवायची आहेत, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील."

पानं सुतळीने बांधलेली होती. घेतली. वहिनींना ठेवायची आहेत. बांधणार कोण, तर मी.

१७ सप्टेंबर

दोन दिवस ती पानं दाबाखाली ठेवली. उघडायची भीती वाटत होती. हिच्याबद्दल काय लिहिलं असेल? पण बाइंडरला पानांचा क्रम लावावा लागतो, आणि तो न वाचता लागत नाही.

जसं आहे तसं उतरवून ठेवतो.

"५ जून. बाइंडरदादांनी दुकानाचं विचारलं. हाताचं सांगायची लाज वाटली. वहिनी चहा अर्धाच देतात, सांडत नाही."

"१७ जून. पहिलं मादी फूल. ब्रश फुलात जाईना, पाकळीच फाटली असती. वहिनींनी मनगट दाबून धरलं, तेव्हा गेला. चाळीस वर्षं लोकांचे थांबलेले काटे हलवले. आता माझा हात थांबवायला माणूस लागतो. हे म्हटलं तर वहिनी हसल्या. मीही."

"२१ जून. वहिनी आल्या नाहीत. २२ जून. नाहीत. २३ जून. एकट्याने करून पाहिलं. दोन फुलं गेली. त्यांना काही अडचण असेल. आपण विचारणं बरं नाही."

"४ जुलै. फळ तिसरं, नऊ सेंटिमीटर. देठाजवळ दोन रेघा, समांतर. भिंगातून पाहिल्या. तीन सेंटिमीटर. वहिनींच्या स्वयंपाकाच्या वहीत प्रत्येक घडीला अशाच रेघा आहेत. म्हणजे बाइंडरदादा येऊन गेले. पहिल्यांदाच. खुर्ची एप्रिलपासून मांडून ठेवली आहे. नेमका मी दवाखान्यात. असतो तर चहा टाकला असता."

"५ जुलै. खार म्हटलं. त्यांना वाटेल तेव्हा ते बोलतील."

पुढे दर आठवड्याला फळाचं माप आणि त्याच्यापुढे रेघांचं माप. फळ एकवीस, रेघा सात. फळ चौतीस, रेघा अकरा. अक्षर प्रत्येक पानावर आधीपेक्षा वाकडं. शेवटच्या पानावर मला एक ओळ लावायला भिंग घ्यावं लागलं. "१४ सप्टेंबर. फळ एकावन्न. रेघा सतरा. दादा अजून आले नाहीत."

आज दुसरं काही काम केलं नाही.

१८ सप्टेंबर

हिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

ती भाजी निवडत होती, ते थांबवलं नाही. "त्याच दिवशी. अडतीस वर्षं तुमच्या घड्या बघतेय."

"बोलली का नाहीस?"

"भाऊ म्हणाले, थांबा. मी म्हटलं, थांबते." थोड्या वेळाने म्हणाली, "मला राग आला होता. अजून आहे. त्या फुलांचाही आहे. ती दोन फुलं तुम्ही माझ्याकडून घालवलीत."

"त्यांचा हात असा आहे हे मला का नाही सांगितलंस?"

"रोज तुमच्या समोर बसून दोन्ही हातांनी कप धरत होते ते. ते काय सांगायचं?"

मी कामाच्या टेबलाशी जाऊन टिपणांची पानं पुन्हा जुळवली.

१९ सप्टेंबर

टिपणं बांधली. जुजबंदी केली, पाठ गोल केली, उरलेलं निळं कापड लावलं. घड्या दाबायची हाडाची पट्टी समोरच पडली होती, ती वापरली असती तर रेघा उमटल्या नसत्या. सगळ्या घड्या नखानेच घातल्या.

घेऊन गेलो, जाळीच्या वाटेने. ते मांडवाखाली बसले होते. समोरची खुर्ची रिकामी होती, तीत बसलो. म्हटलं, "त्या रेघा माझ्या आहेत."

"हो," ते म्हणाले. "लिहिलंय की मी."

"वाचलं."

"मग ठीक." त्यांनी वही उघडली, एका घडीवरून बोट फिरवलं. बोट हलत होतं, तरी रेघेवरून बरोबर गेलं. "काम सुरेख आहे, दादा."

मी माफी मागायची म्हणून गेलो होतो. ते वाक्य जमलं नाही. त्याऐवजी मी म्हटलं, "तुमचं मला फार डोळ्यांत सलायचं." ते म्हणाले, "माझ्यात सलण्यासारखं काय राहिलंय?" मी म्हटलं, "तुम्ही तिला मीठ नेमकं आहे म्हणता." त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तेवढं तर तुम्हालाही जमेल."

२१ सप्टेंबर, रविवार

ते दुपारी गेले. त्याआधी सकाळी हिने तो कोहळा कापला. उचलायला आम्ही दोघं लागलो. रेघांवरून साल सोलली तेव्हा मी शेजारी उभा होतो. खाली गर पांढराशुभ्र, कुठे डागही नाही. साल हिने केराच्या टोपलीत टाकली. बिया मी धुतल्या आणि टीपकागदावर वाळत घातल्या.

तिघं जेवायला बसलो. मी रस्सा मगात मागितला. प्यायलो. पाण्याला साल लावलेली वगैरे जे मी म्हणत होतो तसं काही नाही. सौम्य आहे, मग हळूहळू आल्याचा तिखटपणा येतो. ही माझ्याकडे बघत नव्हती. इतकं न बघणं मी ओळखतो. मी म्हटलं, "मीठ नेमकं आहे."

"त्यांचं वाक्य आहे ते," ती म्हणाली.

"माहीत आहे. मला दुसरं सुचलं नाही. आणखी वाढ."

तिने वाढलं. राग गेला असं नाही, पण वाढताना फोडी शोधून शोधून घातल्या.

नंतर चहा मी केला. त्यांचा कप अर्धा भरला आणि थांबलो. ते म्हणाले, "आज पूर्ण भरा, दादा. पूर्ण कप घेऊन वर्ष झालं." मी काठोकाठ भरला. त्यांनी उचलला तसा तो हिंदकळला, बशीत सांडला, टेबलावर आला. ही उठायला लागली. तिचा हात पुढे होताना दिसला आणि खरं सांगतो, तेव्हाही मला एकदा सललंच.

मी आधी पोचलो. दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं, ती धरते तसं. मनगटात काहीतरी सारखं टकटकत होतं, थांबत नव्हतं. इतकं जोर लावून धरावं लागतं याची मला कल्पना नव्हती. कप तोंडापर्यंत गेला आणि पूर्ण संपेपर्यंत मी हात सोडला नाही.